गुढीपाडवा आणि चैत्र : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाडवा जवळ आला की तेच प्रश्न पुन्हा फिरू लागतात. त्यातले काही खरोखर पडलेले असतात, काही वाद घालण्यासाठी विचारलेले असतात आणि काही सकाळी सातला, हातात काठी घेऊन उभं असताना सुचलेले असतात. तिन्ही प्रकारच्या प्रश्नांना इथे जमतील तशी उत्तरं दिली आहेत.

गुढी म्हणजे नेमकं काय?

वेळूची उंच काठी, तिच्या टोकाला जरीचं वस्त्र, कडुनिंबाचा आणि आंब्याचा डहाळा, फुलांचा हार, साखरगाठी आणि या सगळ्यावर उपडा घातलेला तांब्या किंवा गडू. चैत्र शुद्ध प्रतिपदेला सूर्योदयानंतर ती दाराशी, अंगणात किंवा गच्चीत उभारतात, हळद-कुंकू-फूल वाहतात आणि संध्याकाळी उतरवतात. पूजेत तिला ‘ब्रह्मध्वज’ म्हणतात. मूर्ती नाही, देऊळ नाही, भटजी असलेच पाहिजेत असंही नाही. घरात असलेल्याच वस्तू एका दिवसापुरत्या एकत्र बांधून त्यांनाच नमस्कार करायचा, असा हा सण आहे.

ही प्रथा सुरू कधी झाली?

एका तारखेवर बोट ठेवता येत नाही. जो ठेवतो त्याच्याकडे जरा संशयानेच पाहावं. पण काठी सजवून उभी करण्याच्या प्रथेचा माग बराच मागे नेता येतो.

महाभारताच्या आदिपर्वात चेदी देशाच्या उपरिचर वसू राजाची कथा आहे. इंद्राने त्याला वेळूची एक काठी दिली. वर्ष सरताना वसूने ती इंद्राच्या पूजेसाठी जमिनीत रोवली. दुसऱ्या दिवशी ती वस्त्रं, गंध, माळा, दागिने यांनी सजवून उभारली जाते आणि तेव्हापासून राजे लोक असंच करत आले आहेत, असं तिथे म्हटलं आहे. गुढीचं मूळ शोधणारा जवळजवळ प्रत्येक जण या कथेशी येऊन थांबतो, आणि ते साहजिकच आहे. वेळू, वस्त्र, माळा आणि वर्षाचा सांधा, असं सगळं तिथे एकत्र सापडतं.

मात्र एक अडचण आहे. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त इंद्रध्वजाचा उत्सव तपशीलवार सांगितला आहे, पण तो भाद्रपदातला. नेपाळमध्ये इंद्रजात्रेला आजही उंच खांब उभारतात, तोही पावसाळ्याच्या अखेरीस. म्हणजे काठी जुनी आहे, पण ती चैत्राचीच होती असं नाही. काठी पुजण्याची रीत देशभर वेगवेगळ्या ऋतूंत होती आणि आपल्याकडे ती वर्षारंभाला येऊन चिकटली, असं मानणं मला जास्त पटतं.

मराठीत ‘गुढी’ सणापुरती नव्हतीच. १२९० सालच्या ज्ञानेश्वरीत, चौथ्या अध्यायात, अवतार घेऊन आपण काय करतो हे सांगताना भगवंत सज्जनांकरवी सुखाची गुढी उभारण्याची भाषा करतात. चोखोबा टाळी वाजवून, गुढी उभारून पंढरीची वाट चालायला सांगतात. तुकोबांच्या अभंगात गोविंद गोपाळांच्या हाती गुढी देऊन त्यांना पुढे धाडतो. आनंदाची वार्ता आली, कुणी जिंकून आलं, कुणाच्या स्वागताला निघायचं असलं की गुढी उभारायची, ही तेव्हाची सर्रास बोली होती. पाडव्याची गुढी हा त्याच सवयीचा एक नेमका, दिवस ठरलेला अवतार.

ब्रह्मदेव, राम की शालिवाहन? यातली खरी गोष्ट कोणती?

तिन्ही गोष्टी सांगितल्या जातात आणि तिन्ही एकाच दिवशी घडल्या असं गृहीत धरलं जातं. त्यांची वजनं वेगवेगळी आहेत.

ब्रह्मदेवाने चैत्राच्या पहिल्या दिवशी जग निर्माण केलं, हे वचन ब्रह्मपुराणाच्या नावावर धर्मशास्त्राच्या ग्रंथांत येतं. देवगिरीच्या यादवांच्या दरबारातल्या हेमाद्रीच्या ‘चतुर्वर्गचिंतामणी’तही ते आहे. त्यात काठी नाही, वर्षारंभ मात्र आहे. ‘ब्रह्मध्वज’ हे नाव याच धाग्यावरचं.

रामाची गोष्ट दोन तऱ्हांनी सांगतात. वनवास संपवून राम अयोध्येत आला ही एक, आणि त्याने वालीचा वध केला ही दुसरी. वाल्मीकी रामायण उघडून बसलं तर दुसरी लगेच गळून पडते. वालीच्या मृत्यूनंतर सुग्रीवाला अभिषेक होतो आणि राम म्हणतो, पावसाळ्याचा पहिला महिना श्रावण लागला, आता थांबू. चैत्रात वाली मारला असता तर मधले महिने कुठे घालवायचे? पहिली गोष्ट मात्र अगदीच हवेतली नाही. रामाच्या अभिषेकाची तयारी चालू होते तो महिना वाल्मीकींनी चैत्रच सांगितला आहे, वनं फुललेला. त्यापुढे चौदा वर्षं मोजली की परतीचा काळही त्याच सुमाराचा निघतो. पण परतताना राम भरद्वाजांच्या आश्रमात पोचतो ती तिथी पंचमी आहे. प्रतिपदेशी तिचा नेमका मेळ बसत नाही. श्रद्धेला त्याने काही बाध येत नाही. पंचांग घेऊन वाद घालणाऱ्यांनी मात्र हे लक्षात ठेवावं.

शालिवाहनाची कथा सगळ्यांत मराठी मातीतली. पैठणच्या कुंभाराघरी वाढलेल्या मुलाने मातीचे शिपाई घडवले, त्यांच्यावर पाणी शिंपडून त्यांना जिवंत केलं आणि शत्रूला हरवलं. यामागे इतिहासाचा एक खडा नक्की आहे. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने क्षहरात या पश्चिमेकडच्या शक क्षत्रपांच्या घराण्याचा निःपात केल्याचं त्याची आई गौतमी बलश्री हिने नाशिकच्या लेण्यातल्या शिलालेखात कोरून ठेवलं आहे. नाशिक जिल्ह्यातच जोगळटेंभी इथे नहपान या क्षहरात राजाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली आणि त्यांतल्या बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप पुन्हा मारलेला आहे. हरवलेल्या राजाचा चेहरा आणि त्यावर जिंकलेल्याची मोहोर, असं एकाच नाण्यावर दिसतं. पाडव्याच्या कथेला इतका ठोस पुरावा दुसरा नाही.

गंमत अशी की इसवी सन ७८ पासून मोजला जाणारा शक बहुतेक अभ्यासक कुशाणांशी किंवा पश्चिमेकडच्या क्षत्रपांशी जोडतात. बदामीच्या चालुक्यांच्या शिलालेखात (शके ४६५, म्हणजे इसवी सन ५४३) ही गणना आहे, पण शालिवाहनाचं नाव नाही. ते मध्ययुगात तिला चिकटलं. म्हणजे आपण ज्यांना हरवल्याचा आनंद साजरा करतो, वर्षं मोजायची पद्धत बहुधा त्यांचीच वापरतो!

मला विचाराल तर सण आधी आला आणि गोष्टी नंतर त्याच्या आश्रयाला आल्या. वर्ष बदलतं, झाडं पालवतात, धान्य घरात येतं. एवढं कारण सणाला पुरेसं होतं.

गुढीचा संबंध संभाजी महाराजांच्या हत्येशी आहे, हे खरं का?

नाही. छत्रपती संभाजी महाराजांची औरंगजेबाने ११ मार्च १६८९ रोजी हत्या केली आणि तो पाडव्याच्या अलीकडचा दिवस होता, हे खरं आहे. पण त्यानंतर ही प्रथा सुरू झाली, हा दावा टिकत नाही. ज्ञानेश्वरी त्याच्या चारशे वर्षं आधीची आणि तुकोबा चाळीस वर्षं आधी वैकुंठाला गेलेले. दोघांकडेही गुढी आहे आणि ती आनंदाचीच आहे. महाराजांचं स्मरण जरूर करावं. ते करायला गुढीवर आळ घ्यावा लागत नाही.

पाडव्याची तारीख दर वर्षी का बदलते?

कारण आपले महिने चंद्राचे आणि वर्ष सूर्याला धरून चालवायचं असतं. चंद्राचे बारा महिने साधारण ३५४ दिवसांत संपतात. त्यामुळे पाडवा दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. सरकत सरकत तो फार मागे जाऊ नये म्हणून सुमारे ३२-३३ महिन्यांनी एक अधिक महिना घालतात आणि पाडवा पुन्हा पुढे उडी मारतो. २०२३ साली तो २२ मार्चला होता, त्या वर्षी अधिक श्रावण आला आणि २०२४ साली पाडवा थेट ९ एप्रिलला गेला. मग २०२५ ला ३० मार्च, २०२६ ला १९ मार्च, आणि २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ असल्याने २०२७ ला ७ एप्रिल.

सूर्योदयाला प्रतिपदा असेल तो दिवस पाडव्याचा. प्रतिपदा दोन सूर्योदयांना असेल तर पहिला दिवस घेतात. कधी ती सूर्योदयानंतर सुरू होऊन दुसऱ्या सूर्योदयाआधीच संपते, म्हणजे तिचा क्षय होतो. २०२६ साली तसंच आहे. अशा वेळी ज्या दिवशी ती सुरू होते त्याच दिवशी गुढी उभारायची.

सरकारी दिनदर्शिकेतला १ चैत्र आणि पाडवा वेगळे कसे?

भारतीय राष्ट्रीय दिनदर्शिका पूर्णपणे सौर आहे. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने ती सुचवली आणि २२ मार्च १९५७ पासून, म्हणजे १ चैत्र १८७९ पासून, ती लागू झाली. तिच्यात चैत्र नेहमी २२ मार्चला सुरू होतो, लीप वर्षी २१ ला. शक तोच, महिन्यांची नावं तीच, पण चंद्राशी संबंध नाही. आकाशवाणीच्या बातम्यांच्या सुरुवातीला ती तारीख ऐकून अनेकांचा गोंधळ होतो. २०२३ साली पाडवा आणि सरकारी १ चैत्र एकाच दिवशी आले होते, तसं क्वचितच घडतं.

संवत्सराचं नाव कसं काढतात? ‘पराभव’ संवत्सर अशुभ का?

साठ नावांचं एक चक्र आहे, ‘प्रभव’पासून ‘क्षय’पर्यंत. शकाच्या आकड्यात १२ मिळवायचे आणि ६० ने भागायचं. जी बाकी उरते तितक्या क्रमांकाचं संवत्सर. शके १९४८ मध्ये १२ मिळवले की १९६०, साठने भागल्यावर बाकी ४०. चाळिसावं नाव ‘पराभव’. १९ मार्च २०२६ ला तेच सुरू होतं आणि पुढच्या पाडव्याला ‘प्लवंग’ लागतं. बाकी शून्य आली तर साठावं.

अशुभ वगैरे काही नाही. हेच नाव १९६६ सालीही आलं होतं, त्याआधी १९०६ लाही. लग्नपत्रिकेवर ‘पराभवनाम संवत्सरे’ छापायला जीव धजत नसेल तर नुसतं ‘शके १९४८’ लिहावं. कुणी अडवत नाही.

साडेतीन मुहूर्त कोणते?

गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया आणि दसरा हे तीन पूर्ण, दिवाळीतला पाडवा म्हणजे बलिप्रतिपदा अर्धा. या दिवशी वेगळा मुहूर्त पाहायची गरज नाही, असा संकेत. सोनं त्या दिवशी घेतलंच पाहिजे, हा संकेत सराफांचा.

खेड्यात पाडव्याचा हिशोब वेगळाच असतो. मराठवाडा-विदर्भात सालगड्याचं साल पाडव्याला ठरतं आणि पुढच्या पाडव्याला संपतं. वर्षाची मजुरी, धान्य, कपडा यांची बोली त्याआधी होते. शहरात ३१ मार्चचं जे महत्त्व, ते तिथे या दिवसाचं.

फ्लॅटमध्ये गुढी कशी उभारायची? दर वेळी साडी घसरते.

साडी घसरते कारण ती आधी बांधली जाते आणि तांब्या नंतर नुसता वर ठेवला जातो. क्रम असा धरावा. काठी आदल्या दिवशी ओल्या फडक्याने पुसून वाळवून ठेवा. टोकाला जुन्या सुती कापडाची पट्टी चार-पाच वेळा घट्ट गुंडाळा, इतकी की तांब्या उपडा घातल्यावर जरा जोर लावून बसेल. हे केलं नाही तर वाऱ्यावर तांब्या दिवसभर खुळखुळतो आणि दुपारी खाली येतो.

मग साडी, खण किंवा नवं कापड घ्या. नऊवारी असेल तर पूर्ण उलगडू नका. लांबीत दुमडून, एका काठाकडून निऱ्या घालत जा आणि सगळ्या निऱ्यांचं वरचं टोक मुठीत धरा. त्यावर सुतळी दोनदा फिरवून, गाठ काठीच्या मागच्या बाजूला मारा. रेशमी साडीला सुतळी काचते, तिथे नाडी किंवा कापडाची चिंधी वापरावी. त्यानंतर कडुनिंबाचा डहाळा, आंब्याची पानं, हार आणि गाठी त्याच बांधणीत अडकवा आणि सगळ्यांत शेवटी तांब्या दाबून बसवा. आता खालून निऱ्या हलकेच मोकळ्या केल्या की पंखा उघडावा तशी साडी फुलते.

काठी गॅलरीच्या कठड्याला दोन ठिकाणी बांधा, एकदा तळाशी आणि एकदा कमरेच्या उंचीवर. एकाच ठिकाणी बांधलेली गुढी वाऱ्याने फिरते. खाली पाट, पाटाभोवती रांगोळी. विजेच्या तारा जवळ असतील तर काठी आखूड घ्या. उंचीने पुण्य वाढत नाही. बाजारात मिळणारी वीतभर तयार गुढी देवघरात ठेवली तरी चालते. परदेशात, होस्टेलवर, भाड्याच्या खोलीत तीच सोयीची. पण घरात लहान मुलं असतील तर एकदा तरी मोठी गुढी त्यांच्याकडून बांधून घ्यावी. सणातली निम्मी मजा त्या खटपटीत आहे.

तांब्या उपडा का? त्यातून लहरी खेचल्या जातात म्हणे?

लहरीबिहरी काही नाही. काठीच्या टोकावर भांडं बसवायचं तर ते उपडंच बसणार. देवळाच्या शिखरावर कळस असतो तसा तो गुढीचा कळस. तांब्या तांब्याचा, पितळेचा, चांदीचा किंवा स्टीलचा, घरात असेल तो घ्या. चिंचेने घासून लख्ख केला की झालं.

कडुनिंब का खायचा, आणि तो गिळवेल असा कसा करायचा?

चैत्रात कडुनिंबाला कोवळी पालवी येते आणि बारीक पांढरा मोहोरही. वर्षातून याच सुमाराला पानं खाण्याजोगी कोवळी असतात. पुढे ती जून आणि अतिकडू होतात. उन्हाळ्याच्या तोंडावर कडू खावं ही आयुर्वेदातली समज, आणि वर्षाची सुरुवात कडू-गोड दोन्ही तोंडात घेऊन करावी ही लोकांची. दोन्ही कारणं चांगली आहेत. ‘वर्षभर रोग होत नाही’ हे मात्र सोडून द्या. एका दिवसाच्या चार पानांनी तसं होत नसतं.

चटणी अशी करा. तांबूस-पोपटी, अगदी शेंड्याची दहा-बारा पानं आणि चिमूटभर मोहोर घ्या. देठ आणि मधली शीर काढून टाका. मूठभर भिजवलेली हरभऱ्याची डाळ, सुपारीएवढी चिंच, तिच्या दुप्पट गूळ, जिरं, ओवा, कणभर हिंग, मीठ, दोन मिरे हे सगळं खलबत्त्यात कुटा. मिक्सरमध्ये पानांचा लगदा होतो आणि कडूपणा सगळीकडे पसरतो. खलबत्त्यात डाळ भरड राहते आणि तोंडात आधी गूळ-चिंच लागते, कडू मागाहून येतं. नखाएवढी गोळी पुरे.

गरोदर बायकांनी आणि औषधं चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून घ्यावं. लहान मुलांना जिभेला लावण्यापुरतंच द्यावं. कडुनिंबाचं तेल मुलांना पोटात देऊच नये, ते विषारी ठरू शकतं.

रस्त्याकडेचा पाला कडुनिंबाचाच आहे हे कसं ओळखायचं?

हा प्रश्न विचारायला हवा, कारण बकाणा निंब दिसायला तसाच असतो आणि तो खायचा नसतो, त्याची फळं तर विषारी असतात. कडुनिंबाच्या एका देठाच्या दोन्ही बाजूंना सरळ ओळीत पत्रकं असतात, करवतीसारख्या कडेची आणि किंचित वाकडी. बकाण्याच्या देठाला आधी फांद्यासारखे उपदेठ फुटतात आणि त्यांवर पत्रकं येतात. मोहोर आला असेल तर काम आणखी सोपं आहे. कडुनिंबाचा पांढरा, बकाण्याचा फिकट जांभळा.

पाडव्याला तर ऊन तापलेलं असतं. हा वसंत कसला?

शंका रास्त आहे. चैत्र-वैशाख म्हणजे वसंत हे गणित जुनं आहे. वराहमिहिराच्या काळात सूर्य मेष राशीत जात असे तो दिवस आणि दिवस-रात्र समान असण्याचा दिवस जवळजवळ एकच होते. पृथ्वीचा आस हळूहळू फिरत असल्याने आता विषुवदिन २०-२१ मार्चला आणि मेष संक्रांत १४ एप्रिलच्या सुमारास येते. साडेतीन आठवड्यांची फारकत झाली आहे, आणि चैत्र मेष संक्रांतीला धरून असल्याने तोही ऋतूच्या मागे पडला आहे. त्यात महाराष्ट्राचा वसंत मुळातच लवकर येतो. काटेसावर आणि पळस फुलतात ते माघ-फाल्गुनात. पाडव्याला पळसाखाली बहुधा वाळलेल्या केशरी पाकळ्याच सापडतात.

पण चैत्राचं वैभव फुलांपेक्षा पानांत आहे आणि ते पाहायला थोडी नजर लागते. पिंपळ काही दिवसांत तांबूस, चकचकीत पालवीने भरून जातो. कुसुमाचं झाड लांबून पाहिलं तर पेटल्यासारखं लाल दिसतं आणि जवळ गेल्यावर कळतं की ती फुलं नव्हेत, कोवळी पानं आहेत. हरितद्रव्य तयार व्हायच्या आधी पानांत लाल रंगद्रव्य असतं म्हणून हा रंग. आठ-दहा दिवसांत सगळं झाड गुमान हिरवं होतं. करंजाची पालवी इतकी पोपटी की दुपारच्या उन्हात डोळ्यांना गारवा वाटतो. पावसाला अजून दोन महिने आहेत, जमीन तडकलेली आहे आणि झाडं नेमकी आताच पालवतात. जुनी पानं गाळून खोडात साठवलेलं पाणी, खोल गेलेली मुळं आणि वाढता दिवस यांच्या बळावर त्यांचं हे चालतं.

ऋतू अनुभवायचा असेल तर पाडव्याच्या पहाटे अर्धा तास बाहेर पडा. कडुनिंबाच्या मोहोराला मंद, मधासारखा वास असतो आणि तो उन्हं चढण्याआधीच नीट येतो. कोकिळ ओरडत असतो. तोच, ती नव्हे, ‘कुहू’ नराचा. विदर्भात, गडचिरोली-चंद्रपूरकडे असाल तर याच दिवसांत मोहाखाली पहाटे फुलांचा सडा पडतो आणि माणसं टोपल्या घेऊन वेचायला येतात. पुढे वैशाखाकडे बहाव्याचे पिवळे घोस आणि ताम्हणाची जांभळी फुलं लागतात. ताम्हण हे आपलं राज्यफूल आहे, हे पुष्कळांच्या गावीही नसतं.

चैत्रगौर म्हणजे काय? पाडव्यानंतर सण संपतो ना?

अजिबात नाही, चैत्र तिथून सुरू होतो. चैत्र शुद्ध तृतीयेला गौर पाळण्यात बसवतात आणि अक्षय्य तृतीयेपर्यंत ती माहेरी असते. या महिन्याभरात सोयीचा दिवस पाहून हळदीकुंकू करायचं. अंगणात चैत्रांगण काढायचं, म्हणजे गौर, तिचा पाळणा, सूर्य-चंद्र, शंख, चक्र, गोपद्म, कासव, नाग, तुळस, हत्ती असं सगळं एकाच रांगोळीत. घरोघर त्यात भर पडत जाते.

खायला वाटली डाळ आणि प्यायला कैरीचं पन्हं. डाळ भरड वाटा, कैरी किसून घाला आणि वर हिंग-मोहरीची खमंग फोडणी द्या. पन्ह्याला कैरी उकडून, गर मोडून, गूळ, वेलची आणि मीठ. साखरेचं पन्हं दिसायला छान, पण गुळाच्या पन्ह्याची चव त्याला नाही. बायकांनी एकमेकींकडे जायचं, उन्हाळा सोसवेल असं काहीतरी खायचं-प्यायचं आणि ओल्या हरभऱ्यांनी ओटी भरून परतायचं. हे हळदीकुंकू सगळ्याच बायकांसाठी असावं. नवरा गेलेल्या बाईला वगळण्याचं कारण आता तरी उरलेलं नाही.

गुढीसारखी काठी आणखी कुठे पाहायला मिळते?

चैत्र पौर्णिमेला कोल्हापूरजवळ वाडी रत्नागिरीला, जोतिबाच्या डोंगरावर. गावोगावच्या सासनकाठ्या येतात. गुढीच्या कितीतरी पट उंच वेळू, वस्त्रांनी आणि तोरणांनी सजवलेले, चहूबाजूंनी दोर धरून तोललेले. ‘जोतिबाच्या नावानं चांगभलं’चा गजर होतो आणि सगळा डोंगर गुलालाने माखून निघतो. काठी नाचवणाऱ्याचे खांदे आणि दोर धरणाऱ्यांचे हात यांच्यातला ताळमेळ जवळून पाहावा असा असतो. त्याच महिन्यात शिखर शिंगणापूरला कावडी मुंगी घाटाने चढवतात. काठीपूजेच्या मुळाबद्दल चार लेख वाचण्यापेक्षा यातली एक जत्रा जास्त शिकवते. जायचं तर गर्दीची आणि उन्हाची तयारी ठेवून जा.

हा सण फक्त महाराष्ट्राचा आहे का?

गुढी आपली आणि काही प्रमाणात गोव्याचीही, जिथे या सणाला संसर पाडवो म्हणतात. दिवस मात्र अनेकांचा आहे. कर्नाटक, आंध्र, तेलंगणात त्या दिवशी उगादी असते आणि सहा चवींची पच्चडी होते, तिच्यात कडुनिंबाचा मोहोर असतोच. काश्मिरी पंडितांचं नवरेह आणि मणिपुरी मैतेईंचं चैराओबाही याच सुमाराचं. सिंधी बांधवांचा चेटीचंड बहुधा दुसऱ्या दिवशी. उत्तरेत महिना पौर्णिमेनंतर सुरू होतो, त्यामुळे तिथे चैत्र अर्धा संपल्यावर वर्ष बदलतं. गुजरातेत ते दिवाळीनंतर, कार्तिकात.

पाडव्याच्या शोभायात्रा जुन्या आहेत का?

नाहीत. आताच्या रूपातली नववर्ष स्वागतयात्रा डोंबिवलीत १९९०च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाली आणि तिथून ठाणे, गिरगाव, पुणे, नाशिक अशी पसरली. ढोल-ताशे, नऊवारीतल्या दुचाकीस्वार, चित्ररथ. घरातला सण रस्त्यावर आल्याचं काहींना आवडतं, काहींना नाही. मला लेझीम आवडतं आणि ध्वनिक्षेपक नको वाटतात.

गुढी कधी उतरवायची, आणि नंतर त्या सगळ्याचं काय करायचं?

सूर्यास्ताच्या आधी. हळद-कुंकू वाहून, गूळ-खोबऱ्याचा किंवा धने-गुळाचा नैवेद्य दाखवून उतरवा. दिवसभर उन्हात राहिलेली साडी लगेच घडी करून कपाटात ठेवू नका. ती सावलीत तासभर पसरून ठेवा. हाराचा किंवा पानांचा डाग दिसला तर तेव्हाच पुसा. वर्षाची पहिली नवी साडी म्हणून ती कुणीतरी नेसावी हे उत्तम. कडुनिंबाचा डहाळा सुकवून धान्याच्या डब्यात टाका, पोरकिडे लागू नयेत म्हणून ही जुनी रीत आहे. काठी आडवी आणि कोरड्या जागी ठेवा, उभी ठेवलेली काठी पुढच्या वर्षापर्यंत वाकते.

साखरगाठी मुलांना वाटून टाका. विदर्भात त्या होळीलाच मुलांच्या गळ्यात पडतात, त्यामुळे तिथे पाडव्यापर्यंत त्या अर्ध्या खाऊनही झालेल्या असतात. उरलेल्या गाठी दोरा काढून लगेच घट्ट झाकणाच्या बरणीत भरा, नाहीतर रात्रीत मुंग्या लागतात. पुढच्या आठवड्यात पन्हं कराल तेव्हा आंबट कैरीला गूळ कमी पडला तर दोन गाठी त्यात टाका, चटकन विरघळतात.